दक्षिणेचा दिवा

उंद्री गावात जेवणं आटोपून पोरं भाऊरावांच्या ओट्यावर जमली होती. गारठा पडला होता.

"काका, इटलीत बी भुतं असतेत का?" प्रेमनं विचारलं. "तिथं तं पिझ्झा असते म्हनतात."

"हसू नको बे. आपल्या अन्नपूर्णाबाईच्या जीवनसंगं तिथं झालं ते सांगतो. मी त्या रात्री त्याच्या मायजवळच होतो."

आणि भाऊराव सांगू लागले.

दोन हजार तेवीसची धनत्रयोदशी. दिवस बुडाल्यावर जीवन गव्हाचं पीठ आणि तेल घेऊन चढ चढत होता. इटलीतलं ते पिवळ्या दगडाच्या डोंगरमाथ्यावरचं गाव. पायथ्याला रोमच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांची थडगी, मधे रोमनांच्या तटबंदीचा कोट, वर पाचशे वर्षांपूर्वीची घरं. आणि त्या घरांतून माणसं अजून भाजी चिरतात, भांडतात, कपडे वाळत घालतात. जीवन तिथं जुन्या वास्तू जपायची विद्या शिकत होता. आपल्याकडं हे का होऊ नये, हा प्रश्न त्याला झोपू देत नसे. परत जाऊन मेहकरच्या जुन्या देवळापासून सुरुवात करायची, असं तो ज्याला-त्याला सांगे. परत यायला एक महिना उरला होता.

इकडं उंद्रीत त्याची माय, अन्नपूर्णाबाई, लकव्यानं खाटेला खिळलेली. वर्ष झालं, पाय भुईला टेकला नव्हता. सकाळी फोनवर तिनं एवढंच मागितलं. "माह्या नावानं यमाले दिवा लाव रे. कनकेचा. दक्षिनेकडं तोंड करून. म्हनाव, पोरगा घरी येईपर्यंत थांब."

भाड्याच्या घराला दक्षिणेकडं एकच जागा होती. मुख्य दाराशेजारी दुसरं दार, अरुंद, विटांनी बुजवलेलं. त्याचा उंबरठा गल्लीपासून गुडघाभर उंच. तिथं वारा लागत नव्हता. जीवननं दिवा ठेवला, वात दक्षिणेला केली, मायचं नाव घेतलं.

घरमालकीण रोझान्ना पाव घेऊन येत होती. दिवा पाहून थबकली.

"हा कोणासाठी?"

"माझ्या आईसाठी. आजारी आहे."

"म्हणजे जिवंत आहे?"

"हो."

म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली. "पोरा, हे मढ्याचं दार. घरात कोणी गेलं की इथून बाहेर काढायचं आणि लगेच बुजवायचं. गेलेल्याला परतीची वाट सापडू नये म्हणून. आणि तू इथं उजेड करून तिला नावानं हाक मारलीस?"

जीवनला हसू आलं नाही. भीतीही वाटली नाही.

फोन वाजला. बहीण, पूनम. आपल्याकडं मध्यरात्र होत आली होती.

"दादा, माय कशीतरीच करून राह्यली. भिंतीकडं पाहून बोलते."

फोनच्या पडद्यावर मायचा चेहरा. डोळे सताड उघडे.

"जीवन... हे दार कवा पाडलं रे भिंतीत?"

"माय, तिथं दार नाही."

"हाय ना. लहानसं. पलीकडं दिवा हाय... चढ लई हाय, पन येते मी."

"येऊ नको! माय, तिथंच थांब!"

यमाचा दिवा फुंकू नये, एवढं तो विसरला नव्हता. त्यानं फोन खिशात टाकून दिवा तसाच जळता उचलला. ओंजळीत धरला. धावला. घरापासून दूर. त्या दारापासून दूर.

कोटाजवळ वारा होता.

वात विझली.

खिशातल्या फोनमधून आवाज आला. अगदी कानाशी आल्यासारखा.

"अंधार काऊन केला रे?... मले पुढचं दिसत नाही... मागचं बी..."

मग काही नाही.

पूनमचं रडणं सुरू झालं.

ओट्यावर भाऊरावांनी कानटोपी खाली ओढली.

"मंग... काका?" प्रेमनं हळूच विचारलं.

तिसऱ्या दिवशी जीवन आला. दहन उरकलं होतं. तो रडला नाही. कोणी चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तसाच बसायचा. पूनमनं मायची चादर धुतली नव्हती. ती त्याच्यापुढं उलगडली.

"आंघोळ घालायले बाया आल्या, तवा मायचे तळपाय ह्याच मातीनं भरले होते, दादा."

चादरीवर पायांकडच्या बाजूला पिवळी भुकटी सांडलेली. आपल्या गावची माती काळी. जीवननं चिमूटभर उचलून बोटांत चोळली. दोन वर्षं तो रोज ब्रशनं हाच दगड झाडत होता.

त्या डोंगराचा.