शेंदेलोण चालतं हो

जीप विहिरीपाशी वळली आणि राही तिच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. पाऊस कोसळत होता, तरी डोक्यावर छत्री नाही, पायांत काही नाही. कर्ण्यातलं "अतिसाराच्या रुग्णास क्षारयुक्त द्रावण..." तिथंच तुटलं.

"अहो, मरायचंय काय?" माइकवाला तरुण खाली उतरला. आरोग्य खात्यातला आनंदा. पटकीची साथ आल्यापासून खाडीकाठच्या वाड्यांतून त्या द्रावणाच्या पुड्या वाटत, ओरडत फिरत होता. घसा पार बसला होता.

"शेजारची सगुणाकाकी गेली," राही म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आत्ताच... दुपारी. तुमची पुडी उशाशी होती. न फोडलेली."

"पण... का?"

"पुडीवर मीठ लिहिलंय. आज श्रावणी सोमवार. उपासाला मीठ कोण खातं?"

त्याचा चेहराच उतरला. म्हणजे वाडीवाडीत दिलेल्या पुड्या आज घरोघर तशाच पडून असतील? "आम्हाला कुणी बोललं कसं नाही?"

"विचारलंत कधी?" राही हळूच म्हणाली. "आता माझी शकूआत्याही पटकीनं आजारी, सकाळपासून ओठ मिटून पडलीय. आईमागं तिनंच मला वाढवलं हो..."

"मग चालतं काय?"

"शेंदेलोण. घरात असतंच."

तो धावत जीपमधल्या डॉक्टरांकडे गेला, धावतच परतला. "तेही मीठच, चालेल म्हणतायत. चला, बोला." माइक तिच्या हातात दिला, छत्री तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

"मी? मला नाही येत बोलायला."

"मला तरी कुठं येतं? ऐकलंत ना आत्ता."

तिनं माइक तोंडाशी धरला.

"बायांनो, मी राही. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी घ्या. त्यात मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं शेंदेलोण. घोट घोट पाजत राहा. उपास मोडत नाही हो... महादेवाला तुम्ही जित्या हव्यात."

घरी राही पेला घेऊन आत गेली, तेव्हा कर्ण्यातलं ऐकलेल्या शकूआत्यानं आपणहून तोंड उघडलं.

चौथ्या दिवशी आनंदा उंबऱ्याशी आला. "पेशंट बघायला आलो."

"कालपासून तिसऱ्यांदा? पेशंट भाकरी खातोय."

"उद्या मला लांज्याला पाठवतायत. तिथल्या बायकांशी बोलायला... तुम्ही याल?"

"किती दिवस?"

"मी तर... कायमचंच म्हणत होतो."

राही जागच्या जागी थिजली. मान मात्र आपोआप होकारार्थी हलली. हे आपण काय केलं?

"बाबा रे," आतून शकूआत्याचा क्षीण, पण ठाम सूर आला, "अशी मागणी उंबऱ्यातून घालतात? रविवारी आईला घेऊन ये. आणि राही, खांबासारखी उभी काय गो? पाणी दे त्याला. उकळलेलं दे."