एका माणसाचा पास

ही गोष्ट कोणी खोटी ठरवली तर मला बरंच वाटेल.

पण ती खरी आहे. ज्यांच्यावर गुदरली ते रतिलाल मास्तर माझ्या आईचे सख्खे काका. दारू नाही, गांजा नाही, देवळातसुद्धा सणावारीच जाणार. खोटं बोलायला अंगात थोडी कल्पना लागते, ती त्यांच्याकडे औषधालाही नव्हती.

आणि भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा सांभाळून वाचावं.

हे भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात.

१९३८ साल. मार्गशीर्षातला मंगळवार. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा पश्चिम खानदेश. ठिकाण शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्यात, कुंडाटेकचा घाट.

मास्तर लोणखेड्याचे, गुजर. शहाद्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. घरी कपाशी होती, केळी होती, पण त्यांचं लक्ष बांधावरच्या बाभळीत कोण बसलंय तिकडे. पाखरांशी त्यांच्याच आवाजात बोलायचे. लावा बोलला की हे बोलणार, होला घुमला की हे घुमणार. त्यांची बायको वत्सलाबाई म्हणायच्या, "मांगला जलममा तुम्ही कावळा व्हतात!"

कुंडाटेकच्या पठारावर एक लहानसा पिंगळा राहायचा. दिवसाढवळ्या सरडे मारणारा. मास्तरांनी तरुणपणी तो एकदाच पाहिला होता आणि चित्र अर्धं राहिलं होतं. ते त्यांना पुरं करायचं होतं. बंदूक नको, सापळा नको. एक दुर्बीण, एक वही, एक पेन्सिल.

पण वाट बंद.

ते रान सरकारने राखीव केलं होतं. घाटाच्या पायथ्याशी लाकडी फाटक, दोन्ही अंगांना थेट कड्यापर्यंत बोरी-बाभळीचं कुंपण. पास असेल तर आत, नसेल तर घरी. मुंबईहून दोन पारशी गृहस्थ दुर्बिणी घेऊन आले होते, ते तीन दिवस फाटकाबाहेर चिमण्या बघून परत गेले. मास्तर चार वर्षं अर्ज करत होते. 'पाखरे पाहणेकरिता' हे कारण वाचून कारकून खो खो हसायचे. आणि त्याच फाटकातून साहेब लोकांच्या बंदुका जायच्या, घोडे जायचे, खानसामे आणि कोंबड्यांची खुराडीसुद्धा जायची.

मारायला वाट उघडी. बघायला बंद.

हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आणि मास्तरांचा तर नुसता नाद होता.

दलसिंगचं घर होतं आत.

दलसिंग पावरा हा मास्तरांचा जुना वाटाड्या. पठारावर त्याच्या बापजाद्यांची झोपडी. तो कोणालाही 'तू' म्हणायचा, मास्तरांना, मामलेदाराला, सगळ्यांना. त्यांच्या डोंगरात झोळीची एक रीत आहे. आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून चौघे जण खाली आणतात. वळणावळणावर 'हूप... हूप...' अशी खोल हाक देतात. ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकायचं, तशीच हाक परत द्यायची आणि जाऊन खांदा द्यायचा. कोण आहे, कुठला आहे, विचारायचं नाही. हाक दिली म्हणजे खांदा कबूल.

दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, दलसिंगची बायको जमनी बाळंतपणात अडली. तिसऱ्या दिवशी तिला झोळीत घातलं. शहाद्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पुढचा दांडा दलसिंगच्या खांद्यावर. वाटेत हाकेसरशी सात जणांनी खांदा दिला. एकानेही नाही म्हटलं नाही.

फाटकाशी धुडकू नाकेदार उभा होता. म्हणाला, "पास?"

रेंजर साहेब दौऱ्यावर. साहेब येईपर्यंत थांबा. आदल्या वर्षी कुंपण तोडलं म्हणून तिघांना सहा महिन्यांची सजा झाली होती. म्हणून खांद्याला कुऱ्हाडी असूनही ते चौघे थांबले. सकाळी आलेली झोळी दुपार कलली तरी तिथेच होती.

जमनी फाटकाच्या आत मेली. तिला परत वर नेलं.

साहेब आल्यावर दलसिंगला बाहेर पडण्यापुरता पास मिळाला, तेव्हा तो फाटकाबाहेर, ओढ्याकाठी राहायला आला. वर परत जायला त्याला पासच मिळेना. स्वतःच्या घरी जायला! मास्तरांनी त्याच्यासाठीही अर्ज केले होते, पण त्या अर्जांना हसण्याचे कष्टसुद्धा कोणी घेतले नाहीत.

आणि त्या मार्गशीर्षात मास्तरांचा पास आला. एका माणसाचा. वाटाड्या नेण्यास मनाई. सूर्यास्तापूर्वी परत.

सकाळी दलसिंग फाटकापर्यंत आला. आत पाहत राहिला. मग म्हणाला, "तू जाय. मी आठेच बठस," आणि ओढ्याच्या दगडावर जाऊन बसला.

धुडकूने पास वाचला, परत दिला, फाटक उघडलं, लावलं, कुलूप घातलं.

मास्तर चढू लागले.

पहिला तास छान गेला. सुतार, हळद्या, बुलबुल. पुढे एका वळणावर सागाच्या सुक्या फांदीवर... तोच. पिंगळा. वाटोळं डोकं, पिवळे डोळे. मास्तरांनी वही उघडली.

पिंगळ्याने मान वळवली.

तो मास्तरांकडे बघत नव्हता. वरून येणाऱ्या वाटेकडे बघत होता.

आणि उडून गेला.

मग मास्तरांच्या ध्यानात आलं... बुलबुल गप्प झालेत. सुतार गप्प. वारासुद्धा पडला होता. ऊन मात्र तसंच, झाडांतून खाली सांडलेलं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

हूप... हूप... हूप...

भारद्वाज, मास्तर मनात म्हणाले. मार्गशीर्षात भारद्वाज इतका बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पिंगळा गेल्याची चुटपुट होती, आणि सवय ती सवय. ज्याला चार वर्षं कोणी उत्तर दिलं नाही, तो माणूस पाखराला तरी उत्तर देणारच.

त्यांनी तोंडाशी हात धरले आणि आवाज काढला.

हूप... हूप...

वरचा आवाज थांबला.

मग काहीतरी करकरलं. बांबू करकरतो तसं. कर्र... कर्र... एका तालात. पावलांचा आवाज नाही. वाटेवरची सागाची सुकी पानं मात्र एकेक करून दबत होती. वळणापासून मास्तरांपर्यंत.

मास्तर वाटेच्या कडेला सरकले. आता त्यांना रीत आठवली. आपण काय कबूल केलं ते कळलं. पळायला पाहिजे होतं. पाय उचलला...

आणि उजव्या खांद्यावर वजन आलं.

बांबू दिसत नव्हता. पण त्याचं पेर खांद्यात रुतत होतं. ओल्या घोंगडीचा वास आला. आणि कानामागे, अगदी जवळ, एक बाई कण्हली.

मास्तर चालू लागले. आपण चालतोय का चालवले जातोय, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ठेच लागली तरी थांबता येईना. खांदा बदलू म्हटलं तर बदलता येईना. बाई कण्हत होती. प्रत्येक वळणाला आवाज थोडा बारीक होत होता. मास्तर सांगायचे, "भीती पहिल्या वळणापर्यंतच होती. पुढे एकच. ही पोहोचली पाहिजे."

फाटक आलं.

धुडकू बिडी ओढत बसला होता. तो उठला. बिडी विझवली. मास्तरांच्या मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि हात पुढे केला.

"पास?"

मास्तरांनी डाव्या हाताने खिशातून पास काढून दिला. धुडकूने शांतपणे वाचला.

"मास्तर, हाऊ एकना पास शे. तुम्ही चार खांदेकरी, नि झोळीमा बाई. बाकीसना पास कोठे शे?"

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. ऊन, वाट, कुंपण. कोणी नाही.

"कोन चार?" त्यांनी विचारलं.

"पुढला दांडा धरीसन दलसिंग उभा शे ना. त्याना बी पास नही."

फाटकाच्या पलीकडे, वीस पावलांवर, ओढ्याच्या दगडावर दलसिंग पाठ करून बसला होता. मास्तरांना तो डोळ्यांनी दिसत होता. आणि त्यांच्या पुढे कोणीतरी धापा टाकत होतं.

बाईचं कण्हणं आता श्वासाएवढं उरलं होतं.

तेव्हा मास्तर चिडले. आयुष्यात पोरांवरसुद्धा हात न उचललेला माणूस, पण त्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडला. "आंधळा शेस का रे तू? बाई मरी ऱ्हायनी! उघाड फाटक!"

"कायदा शे मास्तर."

"आग लागो तुन्हा कायदाले! माणूस शेस का लाकूड?"

"पास एकना शे," धुडकू म्हणाला. रागावला नाही, घाबरलाही नाही. वजन वाढत होतं, मास्तरांचे गुडघे वाकत होते. त्या कण्हण्यात आता दोन श्वासांमध्ये फार अंतर पडायला लागलं होतं.

"मंग एकलेच सोड! हाऊ पास तिना! मन्हा नही, तिना! तिले जाऊ दे!"

धुडकूने पासाकडे पाहिलं. मान हलवली. कुलूप काढलं आणि फाटक उघडून बाजूला उभा राहिला, वाट सोडून, अदबीने.

खांद्यावरचं वजन गेलं.

वाटेवरच्या धुळीत एक पाऊल उमटलं. अनवाणी. मग दुसरं. फाटकाबाहेर... ओढ्याकडे...

मास्तर पुढे झाले, तेवढ्यात फाटक त्यांच्या तोंडावर बंद झालं. कुलूप लागलं.

"धुडकू! अरे, मी! मी मझार शे!" आत राहिलेले मास्तर ओरडले.

धुडकू त्यांच्या समोर उभा होता. हातभर अंतरावर. त्यांच्या आरपार घाटाकडे बघत होता. मग त्याने विझलेली बिडी पुन्हा पेटवली आणि चौकीत जाऊन बसला.

मास्तर कुंपण फोडून बाहेर आले. अंगभर काटे, सदऱ्याच्या चिंध्या. ओढ्याशी दलसिंग तसाच बसलेला होता. त्याने मास्तरांना आधार दिला, घरापर्यंत पोहोचवलं. वाटेत एकदाच बोलला, "मन्हा खांदा दुखस." त्याने बंडी सरकवून दाखवलं. खांद्यावर ताजा लाल वळ होता, दांड्याच्या जाडीचा.

मास्तर आठ दिवस तापाने पडून होते. उठले ते रागानेच उठले. दलसिंगला घेतलं आणि थेट नाका गाठला.

"मंगळवारे मी मझार व्हतू, तू माले कोंडी दिधं!"

धुडकू खरंच गोंधळला. "मास्तर, मझार कोनीच नव्हतं. मी तं पास दखना, बाईले सोडं, फाटक लाई दिधं."

"कोन बाई?"

धुडकूने दलसिंगकडे बोट केलं. "यानी बायको. जमनी."

नाव घेताना त्याचा चेहरा जराही हलला नाही. जणू रोजचीच ये-जा.

दलसिंगने हळूच विचारलं, "चालीसन गयी?"

"हा. आपला पायवर."

दलसिंग खाली बसला. मोठ्याने रडला. मास्तरांनी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, जमनी गेली तेव्हासुद्धा नाही. रडणं थांबल्यावर त्याने धुडकूकडे वर पाहिलं.

"मंग तव्हय कसाले नही उघाडं?"

धुडकूला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "तव्हय तिनाजोडे पास नव्हता."

दलसिंगची कुऱ्हाड खांद्यालाच होती. मास्तर म्हणायचे, त्या क्षणी मी त्याला अडवणार नव्हतो. पण त्याने कुऱ्हाडीला हात लावला नाही. तो उठला, फाटकापाशी गेला आणि आतल्या रिकाम्या वाटेकडे बघत उभा राहिला. खूप वेळ. आत कोणी ओळखीचं दिसावं, तसा.

परतताना म्हणाला, "मास्तर, माले बी एक पास काढी दे. मी मझार शे."

मास्तरांनी अर्ज केला. मग दुसरा. मग तिसरा. धुळ्याला हेलपाटे घातले, साहेबांच्या बंगल्याबाहेर उन्हात उभे राहिले. उत्तर नाही. दलसिंग ओढ्याकाठच्या झोपडीत १९४३ साली गेला. त्याला बाहेरच जाळलं. म्हणजे त्याचं जेवढं बाहेर होतं, तेवढं.

मास्तर अर्ज करतच राहिले. त्यांच्या ट्रंकेत मला त्या अर्जांच्या नकला सापडल्या, सुबक अक्षरातल्या. अर्जदाराचं नाव दलसिंग. कारण, 'बाहेर येणेकरिता'.

शेवटच्या नकलेवर तारीख १९४७ ची आहे.