मान न वळवणारा उमेदवार

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मजला येईपर्यंत मी त्याचा ताळेबंद मांडून टाकला. जमेला चकचकीत बूट आणि बरे रुंद खांदे; नावे बाजूला इस्त्री, ती फक्त कॉलरपुरती. पण गडी एकदाही वळून बघेना. आरशातसुद्धा नाही! खोटं कशाला बोलू, मला जरा लागलंच…

थोड्या वेळाने तोच आमच्या साहेबांसमोर मुलाखतीला. माणूस माझ्या हाताखाली हवा होता, म्हणून मीही शेजारच्या खुर्चीत. साहेबांनी अर्जातल्या 'ऑनलाइन पदवी'वर बोट ठेवलं आणि मिश्कीलपणे विचारलं, की घरी बसून पेपर लिहिताना शेजारून उत्तरं कोण सांगत होतं.

तो सरळ समोर बघत म्हणाला, "शेजारी कुणी चालत नाही, सर. एकदा आई जेवायचं विचारायला आली, मी मान वळवली… लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने टिपलं आणि पेपर रद्द. पुढच्या वेळी सगळा पुन्हा दिला."

अच्छा! म्हणजे लिफ्टमधला तो तोरा नव्हता, सवय होती. मान न वळवण्यावरून माझ्या बहिणी मलाही चिडवायच्या.

साहेब हसले खरे, पण अर्ज त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर सरकवला. तिथे गेलेला कागद कधी परत येत नाही. मला त्यांनी ऐन ऑडिटच्या धावपळीत घेतलं होतं; तेव्हा पदवी वाचायला सवड कुणाला होती?

"साहेब, मग माझाही अर्ज तिथेच ठेवा," मी म्हणाले. "मीही घरी बसूनच शिकले."

"तू?" त्यांनी चष्मा काढला. "कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझ्या कामात कधी खोट निघाली का?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग साहेबांनी तो अख्खा गठ्ठा माझ्यापुढे ढकलला. याला सोमवारपासून बसव, म्हणाले, आणि यातल्या बाकीच्यांनाही बोलावून घे.

वर्षअखेरचे हिशेब मिटले, त्या संध्याकाळी जिन्यात तो घुटमळला.

"मॅडम, मला दुसऱ्या विभागात बदली हवीय."

माझा चेहरा पडला असावा. "का? माझा जाच होतो?"

"नाही… पण तुमच्या हाताखाली राहून लग्नाचं कसं विचारायचं?"

मी फाइल दुसऱ्या हातात घेतली. उगीचच.

"बदली झाली असं समज," मी म्हणाले. "आता विचार."