सोडू की ओढू?

“ताई, पहार धर!... आणि काही झालं तरी हात ढिला करू नकोस!”

गाडीच्या पुढच्या चाकाच्या पोकळीतून धाकट्या भावाचा घुसमटलेला आवाज आला, आणि चहाचे कप घेऊन शेडच्या दारात उभ्या असलेल्या ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. कप कुठे ठेवले, हे तिला नंतरही आठवलं नाही.

तीन दिवस ती स्प्रिंग रुसलेल्या जावयासारखी वागत होती. गाडी अप्पांची, त्यांच्या तरुणपणातली. भावानं ती घरच्या घरी उघडली, घासली, इंजिन बोलतं केलं; पण चाकामागची ही अंगठ्याएवढ्या जाड तारेची स्प्रिंग काही केल्या जागेवर बसेना. जॅकनं खालचा दांडा वर रेटला की ती दबायची आणि ऐन वेळी आपल्या बसायच्या लोखंडी वाटीतून पोट बाहेर काढायची. आज वैतागून त्यानं तिचं टोक बोटांनी आत ढकललं, आणि ते सरकून नेमकं बोटांवरच बसलं! आता जॅक उतरवावा तर स्प्रिंग उसळून त्याचं तोंड फोडणार, चढवावा तर बोटांचा भुगा होणार. पहारीनं तिला तसूभर ओढलं, तरच हात सुटणार होता.

“तिच्या हातात देऊ नकोस!” शेडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अप्पा ओरडले.

ताईचा पुढे झालेला हात जागच्या जागी थिजला. सव्वीस वर्षं हेच वाक्य ऐकत ती जगली होती! चौदा वर्षांची असताना ती अप्पांच्या गॅरेजमध्ये इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायची. मग तो दिवस आला. अशीच एक स्प्रिंग, आत अप्पांचा उजवा हात, आणि पहार तिच्याकडे. उजेडासाठी बॅटरी आणायला म्हणून तिनं ती नऊ वर्षांच्या भावाच्या हाती दिली, “धर जरा” म्हणाली, आणि वळते न वळते तोच ती किंकाळी!... धावत येऊन तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की थरथर कापणाऱ्या भावाच्या हातातून पहार हिसकावून घेतली. माणसं जमली तेव्हा ती तिच्याच हातात होती. “मीच सोडली,” ती म्हणाली. अप्पांची दोन बोटं गेली, गॅरेज गेलं, आणि ताई शिलाईच्या दुकानात दुसऱ्यांचे कपडे उसवायला बसली. एका अक्षरानं तिनं कधी कुणाला दोष दिला नाही.

“ताई!... बोटं बधिर होतायत गं!”

तिनं पहार उचलली. टोक स्प्रिंगमागे अडकवलं, टाच जमिनीत रोवली. घामानं हात निसटत होते. वेढ्यांमधून लोखंडाचा बारीक करकर आवाज येत होता, आणि तो आवाज ती झोपेतही ओळखत होती.

“अगं, ठेव ती! तुला जमणार नाही!” अप्पा काठी टेकत उठले.

“अप्पा, पुरे करा!” आतून भाऊ रडत ओरडला. “त्या दिवशी पहार माझ्या हातात होती! माझ्या! हिच्या नव्हती!”

“गप्प बस!” ताई कळवळली. “आधी हात वाचव, मग बोल!”

मग अप्पा अगदी हळू म्हणाले, “मला ठाऊक आहे.”

“काय?”

“मला तेव्हापासून ठाऊक आहे, पोरी. गाडीखालून मला दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता. त्यानं विचारलं, ‘सोडू?’ त्या खडखडाटात मला वाटलं, ‘ओढू?’ म्हणतोय. आणि मी... मीच ‘हो, हो’ म्हणालो! तू सगळं अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. त्याचं नाव घेतलं असतं, तर माझंही घ्यावं लागलं असतं.”

सव्वीस वर्षं! ताईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळं अंग पेटून उठलं, आणि त्या क्षणी, नुसत्या त्या एका क्षणी, तिच्या बोटांना पहार सोडून द्यावीशी वाटली... सगळंच सोडून द्यावं, होऊ दे ज्याचं जे व्हायचं ते! स्वतःच्याच हातांची तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती. समोर भावाची निळी पडलेली नखं दिसत होती. तिनं डोळे गच्च मिटले आणि पकड आवळली.

तेवढ्यात तिच्या मुठीवर एक खरखरीत, तीन बोटांचा हात येऊन बसला.

“आता शब्द नकोत,” अप्पा कानाशी म्हणाले. “मी दाबलं की ओढ.”

त्यांनी दाबलं. तिनं जीव खाऊन ओढलं. स्प्रिंग किंचाळली, सरकली, आणि अख्खी गाडी हादरवत धाडकन वाटीत बसली!... भावानं हात बाहेर काढला. बोटं सुजली होती, सोलवटली होती, पण पाचही होती. तो तसाच जमिनीवर बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला, आणि ताईनं पदराची चिंधी फाडून त्याच्या हाताला गुंडाळली.

“ताई, मला माफ कर गं!”

“तू नऊ वर्षांचा होतास,” ती म्हणाली. मग वळून अप्पांकडे पाहिलं. “पण तुम्ही नव्हतात, अप्पा.”

अप्पांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

“नव्हतो,” ते म्हणाले. “त्याची माफी मी मागणार नाही, तेवढं तोंडच नाही मला. पण पलीकडच्या चाकाची स्प्रिंग अजून राहिलीय. ती तू बसव. तू सांगशील तशी पहार मी धरतो.”

“आणि तुमचा हात सुटला तर?”

“मग तुझी बोटं जातील,” अप्पा म्हणाले. “हे मला माहीत आहे, पोरी.”

तिनं पदर कमरेला खोचला, पाना उचलला आणि पलीकडच्या चाकाचा पहिला नट सोडवायला घेतला.