स्वच्छ बिल्ल्यांचा कारखाना

‘या कारखान्यातील क्ष-किरण विभाग पूर्णतः सुरक्षित आहे. आजवर एकाही कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावर किरणांचा डाग आढळलेला नाही.’

कारखान्याच्या फाटकावर हा फलक ठळक अक्षरांत रंगवलेला होता. त्यातले दुसरे वाक्य अक्षरशः खरे होते, आणि पहिले वाक्य त्याच्या खांद्यावर बसून मिरवत होते. निव्वळ खोटे बोलणारा माणूस कधी ना कधी पकडला जातो. निवडक खरे बोलणाऱ्याला मात्र लोक फलक रंगवून देतात.

“वाचलंस?” तेरा वर्षांची थोरली बहीण म्हणाली. घरात तिला ‘वकील’ म्हणत, कारण जेवायला बोलावले तरी ती आधी पुरावा मागे. “डाग बिल्ल्यावर नाही, असं लिहिलंय. माणसांबद्दल कुठे काय लिहिलंय?”

“पण बिल्ला माणसाच्याच छातीवर असतो ना?” मधला भाऊ म्हणाला. त्याचे टोपणनाव शंकासुर.

“तुम्ही दोघं भांडा. ते बघा काका आले!” धाकटी ओरडली आणि पळत सुटली. ती घरातले शेंडेफळ, आणि तिचे नावही तेच पडले होते.

तिघे भावंडे सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. मावशीचे यजमान, म्हणजे मुलांचे काका, या कारखान्यात कामाला होते. इथे पंपांचे लोखंडी भाग ओतले जात, आणि त्यांच्या पोटात एखादी भेग राहिली आहे का, हे क्ष-किरणांनी तपासले जाई. काकांची सारी उमर भट्टीवर गेली होती. तपासणीचा जाणकार माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा व्यवस्थापकांनी काकांना दोन बटणे दाखवली आणि त्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसवले.

“काका, तुमच्या बोटांना काय झालं?” शेंडेफळाने त्यांचा हात धरला होता. बोटांची टोके लालभडक झाली होती आणि नखांभोवतीची कातडी सोलवटली होती.

“काही नाही गं. कोरडी हवा!” काकांनी हात घाईघाईने खिशात घातला. “आणि तुझं सामान सांभाळतोय हो मी. आठवडा झाला, अजून उघडून पाहिलेलं नाही.”

“कसलं सामान?” वकिलीणबाईंनी लगेच उलटतपासणी सुरू केली.

“सांगणार नाही!” शेंडेफळ म्हणाले.

*

मावशीचे काम घराच्या मागच्या खोलीत चाले. खिडक्यांना काळे कापड, वर एक मिणमिणता लाल दिवा, आणि टेबलावर तीन पसरट तसराळी. चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनमध्ये कालवून ती इमल्शन तयार करी, आणि ते ब्रशने कागदावर, काचेवर, अंड्याच्या टरफलावर, नदीतल्या गोट्यांवरसुद्धा लावी. मग त्या गोट्यांवर माणसांचे चेहरे उमटत. लोक प्रदर्शनात येऊन त्यांच्यासमोर गप्प उभे राहत.

“हीच खळ लावलेल्या काचेवर ताऱ्यांचे फोटो निघाले,” मावशी सांगे. “डोळ्याला जो तारा दिसत नाही, त्याचा उजेड ही रात्रभर थेंब थेंब साठवते. काकांच्या बिल्ल्यातही हीच असते. क्ष-किरण लागले की धुतल्यावर काळी पडते. हिला लाच देता येत नाही, बाळांनो. जे लागलं, ते लागलं!”

तिने प्रत्येकाला इमल्शन लावलेले एक कार्ड काळ्या जाड पाकिटात बंद करून दिले होते. आज त्यावर फोटो छापायचे होते. शेंडेफळाने आपले पाकीट कुठूनसे आणून हजर केले.

“आधी कोपरा,” मावशी म्हणाली. तिचा शिरस्ताच होता: फोटो छापण्याआधी कार्डाचा कोपरा कापायचा आणि उजेड न दाखवता तसाच धुवायचा. कोपरा पांढरा राहिला तर कार्ड चांगले.

वकिलाचा कोपरा पांढराच राहिला. शंकासुराचाही पांढरा. शेंडेफळाचा कोपरा मात्र डेव्हलपरच्या द्रावणात पडला, आणि बघता बघता काळवंडला.

“उघडलंस ना पाकीट? आगाऊ कुठली!” वकील कडाडली.

“नाही उघडलं! शप्पथ नाही! तुम्ही दोघं पळवाल म्हणून मी ते काकांकडे दिलं होतं. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात!”

“थांबा,” शंकासुर हळूच म्हणाला. “पाकीट उघडलं असतं तर उजेड सगळीकडे सारखा लागला असता. मावशी, उरलेलं कार्डही धुऊन बघूया?”

मावशीने कार्ड द्रावणात सोडले. लाल उजेडात चौघांची डोकी तसराळ्यावर झुकली. कार्ड करडे झाले, मग काळे. आणि त्या काळ्यात, मध्यभागी, काहीतरी पांढरेच राहिले. गोल डोके. लांब दांडी. टोकाला दोन दात.

“किल्ली!” शेंडेफळ पुटपुटले.

पाकिटात किल्ली नव्हती. किल्ली पाकिटाच्या बाहेर होती, आणि तिची सावली जाड काळ्या कागदातून आरपार आत आली होती.

“काकांच्या लॉकरची आहे,” मावशी म्हणाली. “हरवू नये म्हणून मीच ती सेफ्टी पिनने खिशाच्या अस्तराला अडकवली आहे.” तिने टेबलाची कड घट्ट धरली. “त्या खिशाच्या मागे त्यांची छाती असते रे.”

*

“बिल्ला? तो तर सकाळीच जमा करायचा असतो,” काका ताटावरून मान वर करून म्हणाले.

“सकाळी? म्हणजे काम सुटल्यावर नाही?” वकिलाने घास तसाच ठेवला.

“छे! मशीन सुरू व्हायच्या आधी. साहेब स्वतः गोळा करतात आणि आपल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद ठेवतात. नाजूक वस्तू आहे, किरणांनी खराब होते म्हणाले. शिकलेला माणूस, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

शंकासुराने कपाळावर हात मारला. “काका, थर्मामीटर तापाने खराब होतो म्हणून तो फडताळात ठेवला, तर ताप कुणाचा मोजायचा? फडताळाचा?”

काका हसले नाहीत. ते आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

“दार नीट बसत नाही,” ते म्हणाले. “त्या खोलीचं, शिसं लावलेलं दार. खिटी सैल आहे. मशीन चालू असताना मी ते हाताने दाबून धरतो. मी तक्रार केली होती. साहेब म्हणाले, बिल्ले स्वच्छ आहेत, म्हणजे दार ठीकच असणार.”

“शून्यराव!” वकील दात चावत म्हणाली, आणि त्या क्षणापासून व्यवस्थापकांचे नाव शून्यराव पडले.

“उद्या सरकारी तपासनीस बाई येणार आहेत. त्यांची सही झाली की मशीन दोन्ही पाळ्यांत चालणार. मी गेलो नाही तर त्या स्टुलावर दुसऱ्या कुणाला तरी बसवतील.” काका उठले. “मला जायलाच हवं.”

“तुम्ही त्या दाराला आता बोटही लावायचं नाही!” मावशी म्हणाली. तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मुलांनी कधी ऐकले नव्हते.

सकाळी काकांना आपले बूट सापडेनात. पलंगाखाली नाहीत, दारामागे नाहीत. शेंडेफळ मात्र पिठाच्या डब्यावर ठाण मांडून बसले होते आणि काही केल्या उठत नव्हते.

“त्यांना कारखान्यात जायचंय ना? जाऊ देत,” ते म्हणाले. “पण आपल्या सगळ्यांबरोबर. आणि मशीन सुरू व्हायच्या आधी!”

*

तपासनीस बाई शून्यरावांच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या होत्या आणि पेनाचे टोपण निघाले होते. त्यांचे मोजयंत्र गाडीतच होते. शून्य मोजायला यंत्र कशाला लागते? त्यांच्या कार्यालयाने वर्षानुवर्षे बिल्ल्यांचे निकाल टपालाने स्वीकारले होते आणि टपालानेच समाधान कळवले होते.

दार उघडून सगळी वरात आत शिरली.

“हा काय पोरखेळ आहे?” शून्यराव ओरडले.

“सही करायच्या आधी एवढं बघाल का, बाई?” वकिलाने ते काळे कार्ड टेबलावर ठेवले. तिचा आवाज खणखणीत होता. “हे बंद पाकिटात, काकांच्या खिशात होतं. ही पांढरी किल्ली त्याच खिशातली.”

“उजेडात उघडलं असेल!” शून्यराव हसले. “फोटोचा कागद उजेडाने काळा पडतो, शाळेत शिकवत नाहीत वाटतं?”

“शिकवतात ना!” शंकासुर म्हणाला. “म्हणूनच विचारतो. उजेडात उघडलं, तर पाकिटाबाहेरच्या किल्लीची सावली आत कशी आली?”

शून्यरावांचे हसू जागच्या जागी थिजले. “घरगुती खळ आहे ती! बायकांनी स्वयंपाकघरात घोटलेली. तिचा काय भरवसा?”

“बरोबर,” वकील गोडपणे म्हणाली. “आमची नकोच. तुमचा सरकारमान्य बिल्ला घ्या. काकांच्या स्टुलावर टांगा. माणसांना लांब करा आणि मशीन चालवा. बिल्ला स्वच्छ निघाला तर आम्ही तुमची माफी मागू. कान धरून!”

तपासनीस बाईंनी पेनाला टोपण लावले.

“मुलीची मागणी रास्त आहे. काढा बिल्ला.”

शून्यराव उठले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले. असे उभे राहिले, जणू आत त्यांचे लेकरू होते.

“नको! तो... तो बिल्ला खराब होईल!”

“कशाने?” बाईंनी विचारले.

शून्यराव कपाटाला आणखी चिकटले. बाईंनी गाडीतून मोजयंत्र मागवले. क्ष-किरण खोलीच्या दाराची खिटी दोरीने बांधली, मशीन ठरावीक वेळाने आपोआप बंद होईल असे लावले, स्टुलावर मोजयंत्र आणि शेजारी मावशीचे नवे, बंद पाकीट ठेवले, आणि सगळ्यांना पार अंगणापलीकडे नेले. तिथून बाईंच्या दुर्बिणीतून दिसणारा यंत्राचा काटा एका झटक्यात उजवीकडे आडवा झाला.

“काटा हलका असतो,” शून्यराव पुटपुटले. “धक्क्यानेही हलतो.”

मशीन थांबले आणि काटा निमूटपणे परत फिरला, जणू काही घडलेच नव्हते. इमल्शन मात्र परत फिरत नाही.

मावशीच्या काळोख्या खोलीत पाकीट उघडले, तेव्हा तपासनीस बाई स्वतः तसराळ्याशी उभ्या होत्या. कार्ड बराच वेळ पांढरे राहिले. शून्यरावांनी सुस्कारा सोडला. मग वरून खाली, पट्टीने आखावी तशी एक सरळ काळी रेघ हळूहळू उमटली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना करडे धुके पसरले.

“दाराची फट,” काका म्हणाले. त्यांनी आपला लाल पंजा त्या रेघेवर, वरच्या वर धरला. बोटांची टोके नेमकी त्या रेघेवर आली.

शेंडेफळाने काकांचा दुसरा हात पकडला आणि सोडला नाही.

त्याच दुपारी त्या खोलीला सील लागले. फाटकावरचा फलक उतरवताना सुताराने विचारले, “जाळू का?” तपासनीस बाई म्हणाल्या, “नाही. पुरावा आहे तो.” काकांना रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, बोटे तपासली, बराच वेळ चष्मा पुसला, आणि म्हणाले, “बोटं भरून यायला वेळ लागेल. पुढच्या तपासण्याही चुकवायच्या नाहीत. आणखी वर्षभर ते दार धरलं असतं, तर आज मी तुमच्याशी एवढं बोलत बसलो नसतो.” मग ते मुलांकडे वळले. “कोपरा धुवायची अक्कल कुणाची?”

“मावशीची,” तिघेही एकदम म्हणाले.

“आणि बूट लपवायची माझी!” शेंडेफळाने आपला हक्क सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा दारातच थांबल्या. “मी अनेक कारखाने तपासले,” त्या म्हणाल्या. “म्हणजे त्यांचे कागद तपासले. काल पहिल्यांदा कारखाना तपासला. तुम्ही तिघांनी मला माझं काम शिकवलंत. शाबास!” मावशीने तिघांनाही एकदम जवळ ओढले. तिचे डोळे भरले होते, आणि शंकासुरालासुद्धा त्याचे कारण विचारावेसे वाटले नाही.

राहता राहिले शून्यराव. चौकशीत त्यांनी आधी दार बसवणाऱ्या सुताराला दोष दिला, मग सैल खिटीला, मग काकांच्या अडाणीपणाला. शेवटी बाईंनी ते दोन पुरावे, किल्लीचे आणि रेघेचे, त्यांच्यापुढे ठेवले आणि एवढेच विचारले की बिल्ले कपाटात का ठेवले होते. त्यावर ते चिडून जे बोलले, ते लिहून घेतले गेले, आणि त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली:

“बिल्ले काळे पडले असते, म्हणून कपाटात ठेवले. आता माणसांनाही कपाटात ठेवलं असतं, तर काम कोणी केलं असतं?”