इराच्या खोलीचा रंग

केरबा पेंटरचा आवाज मंगळवार पेठेत चार घरं पलीकडं ऐकू जायचा. अवंतिकानं शेडकार्डातल्या फिकट हिरव्यावर बोट ठेवलं, तसा तो गरजला, "ताई, ह्यो काय रंग हाय व्हय? आजारी मानसाच्या तोंडावानी दिसतोय. पोरीच्या खोलीला जरा झणझणीत घ्या की!"

अवंतिका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि वादात हार मानणं तिला ठाऊक नव्हतं. तिची सहा वर्षांची इरा झोपेतून किंचाळत उठायची, कडी वाजली तरी दचकायची. त्यावर अवंतिकानं महिनाभर मिळेल ते वाचून काढलं होतं. लाल सतरंजी गेली, वाघाचं चित्र गेलं, ढगांचे पडदे आले. मन शांत करणारा रंग तेवढा राहिला होता.

फिकट हिरव्याचा पहिला हात सुकला आणि इरा दुपारभर एकटी खेळली. दुसऱ्या हातानंतर किंचाळणं थांबलं. अवंतिका हरखून गेली.

"दोन हात बास झालं, ताई," केरबा म्हणाला. खोलीत उभा राहून म्हणाला, आणि चक्क कुजबुजत म्हणाला.

"आणखी एक मारा, काका." हट्ट तिचाच.

तिसरा हात सुकल्यावर इरा खोलीबाहेर येईना. "आई, इथं बरं वाटतंय," एवढंच म्हणायची. दुसऱ्या दिवशी तेही थांबलं. ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. भिंतीवरची पालसुद्धा सकाळपासून हलली नव्हती. दारात उभं राहून अवंतिकानं घड्याळ लावून लेकीचे श्वास मोजले. मिनिटाला नऊ. तासाभरानं सहा.

दुधाचा पेला घेऊन ती आत गेली.

करपलेल्या डाळीचा वास आला म्हणून ती बाहेर आली. पेला हातात तसाच होता, दुधावर साय धरली होती. लेकीला पाजायचं होतं हे तिला उंबऱ्याबाहेर आल्यावर आठवलं आणि दरदरून घाम फुटला.

तिनं केरबाला बोलावलं, नवऱ्याला दुकानातून बोलावलं. "लाल मारा, काळा मारा, पण तो रंग घालवा!"

"ह्यात काय हाय, ताई? तासाचं काम!" केरबाचा आवाज जिन्यापर्यंत घुमला. तो आत गेला. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

उन्मेष धावतच आला. "इरा! ए इरा! चल बाहेर, तुझा बाबा आलाय की..."

उंबरा ओलांडला आणि वाक्य तिथंच तुटलं.

दारातून तिघंही दिसत होती, पलंगावर ओळीनं बसलेली. केरबाच्या ब्रशवरून लाल थेंब फरशीवर पडत होते. कुणाच्याच चेहऱ्यावर कसलं दुःख नव्हतं, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त भय वाटलं. शेजाऱ्यांना बोलवावं, तर तेही आतच जाणार.

इराचे श्वास आता मिनिटाला तीन होते.

आत गेलं की भीती उरत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. आणि इराला वाचवायला तिच्याजवळ तेवढी भीतीच होती. तिनं पेन घेतलं. डाव्या तळहातावर लिहिलं, 'इराला उचल. पळ.' हात इतका कापत होता की अक्षरं वेडीवाकडी आली. तिनं ती पुन्हा पुन्हा गिरवली, कातडी सोलली तरी गिरवली.

मग ती आत गेली.

पडदे हलत नव्हते. इराचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

अवंतिकानं तळहात उघडला आणि वाचला.

कुणीतरी फार घाबरून लिहिलेलं दिसत होतं. बिचारी, तिला वाटलं.

उन्मेषनं सरकून तिला जागा करून दिली.