दुर्वीच्या चष्म्यावरचं धुकं

चष्मा घातला की दुर्वी रडते, काढला की हसते. मग चष्म्याने तिला चांगलं दिसतं हे खरं कसं मानायचं? या कोड्याने आमच्या घरात सगळ्यांचं डोकं उठवलं होतं.

दुर्वी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय दीड वर्ष, आवाज मात्र भोंग्याएवढा. मी मृण्मयी, मला मिनू म्हणतात. आम्ही चंद्रावर राहतो, विवरवाडीत. नाव ऐकून पृथ्वीवरची माझी मामेभावंडं हसतात. हसू देत. विवर म्हणजे खोल, अवाढव्य खड्डा, आणि आमच्या खड्ड्याच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. वर कड्यावर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या पाट्या) आहेत. त्यातल्या निम्म्या बंद पडल्या होत्या. बाबा दुरुस्तीला वर गेले होते आणि खाली सगळे दिवे मंद करून ठेवले होते. आई बर्फाच्या खाणीतून दमून यायची. घरात कुणी फारसं बोलत नसे, आणि त्यात ही रड.

"काढ गं तो चष्मा," आई म्हणायची. "लेकरू आधीच किरकिरं झालंय."

मी काढायचे. पण मला ते पटायचं नाही, कारण माझा डावा डोळा. दिसायला चांगला टपोरा आहे, पण त्याने मला सगळं नुसतं पुसट दिसतं. असून अडचण, नसून खोळंबा. मी लहान असताना कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुर्वीच्या दोन्ही डोळ्यांना नंबर आहे, डाव्याला तर फारच. पृथ्वीवरच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून आईला बजावलं होतं, "चष्मा घातला नाही तर हीसुद्धा थोरलीच्या वाटेने जाईल." थोरली तिथेच बसली होती, पण ते असो.

शेवटी मी दुर्वीला कडेवर घेतलं, चष्मा खिशात टाकला आणि शेजारच्या भाऊआजोबांकडे गेले. त्यांनी जन्मभर डोळ्यांवर संशोधन केलं आणि म्हातारपणी त्यांचेच डोळे गेले. "दिव्याखाली अंधार," असं ते स्वतःच म्हणतात.

"भाऊआजोबा, एवढ्याशा पोरीला चष्मा हवाच कशाला? मोठी झाली की घालेल."

"बस," ते म्हणाले. "डोळे बघतात असं वाटतं ना तुला? बघतो मेंदू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं (प्रकाश झेलणारा पातळ पडदा). त्यावर चित्र पडतं. तिथून मज्जातंतू (निरोप वाहून नेणारे धागे) ते मेंदूकडे पोचवतात. पण बाळाच्या मेंदूला ते चित्र वाचता येत नसतं. ही जशी बोलायला शिकतेय, तसा तो बघायला शिकतो. आता सांग, एका डोळ्याकडून बरं चित्र आलं आणि दुसऱ्याकडून धूसर, तर मेंदू कुणाचं ऐकेल?"

"बऱ्याचं."

"आणि धूसरवाल्याचं?"

माझा हात डाव्या डोळ्याकडे गेला. मला उत्तर माहीत होतं.

"त्याचं ऐकणंच सोडून देतो," भाऊआजोबा म्हणाले. "डोळा धडधाकट, पण मेंदूत त्याला विचारणारं कुणी नाही. याला आळशी डोळा म्हणतात. नाव साफ चुकीचं आहे. तो बिचारा राबत असतो."

"माझा बरा होईल?"

"थोडाफार सुधारेल. पूर्ण होईल असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून तुझं काय भलं होणार? लहानपणी मेंदूतल्या वाटा ओल्या मातीसारख्या असतात, पाऊल टाकलं की उमटतं. पुढे माती वाळते. दुर्वीची अजून ओली आहे."

मला रडू आलं. सगळ्यांचा राग आला, दुर्वीचासुद्धा. भाऊआजोबांनी मला रडू दिलं आणि मग चष्मा मागितला.

त्यांनी तो दुर्वीच्या नाकावर ठेवला आणि बोटांनी चाचपला. कानामागे टोचत नव्हता. मागचा मऊ पट्टा मात्र सैल होता, म्हणून चष्मा खाली घसरत होता. तो त्यांनी आवळला. मग काचेवरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला आणि थबकले.

"मिनू, चंद्रावर तूप कुठून आलं?"

"तूप? तूप नाही हो. ते काजळ आहे."

सांगलीची आजी घरी काजळ धरते, तुपात कालवते. विवरवाडीत तेलाचा दिवा पेटवायला बंदी, म्हणून तिने सामानातून एक डबी पाठवली होती. आई रोज सकाळी दुर्वीचे डोळे भरायची आणि मग चष्मा चढवायची.

एवढ्यात आई आम्हाला शोधत आली. खाणीतला करडा पोशाख अजून अंगावरच होता.

"स्नेहल, रागावू नकोस," भाऊआजोबा म्हणाले. "पापण्या काचेला घासतात आणि काजळ काचेवर पसरतं. पोरगी धुक्यातून बघत होती. दृष्ट लागू नये म्हणून लावलंस आणि दृष्टीच झाकली गेली."

आईने काचेवरचा डाग पाहिला. "अहो काका, तिच्या डोळ्यांसाठीच लावत होते ना मी."

"ठाऊक आहे मला. आजीला सांग, मी तळपायाला तीट लावते म्हणून. डोळ्यात काही घालू नकोस. आणि रडली की लगेच चष्मा काढू नकोस. रडलं की सुटका होते, एवढंच ती शिकलीय. आधी थोडा वेळ घाल, तिच्या आवडीच्या कामात. ओढला तर न ओरडता परत घाल."

मी दुर्वीचे डोळे पुसले, काचा धुतल्या, चष्मा घातला. तिने समोर पाहिलं आणि हंबरडा फोडला. समोर आई होती. तिने आईला ओळखलंच नाही. इतके दिवस तिची आई म्हणजे एक आवाज आणि एक वास होता. आईचा चेहरा कसा झाला ते मला सांगवत नाही.

"कोण गं ही?" आई कशीबशी म्हणाली. "माझी ठमाबाई ना?"

दुर्वी थांबली. आवाज कुठून आला ते तिने शोधलं, मग आईच्या ओठांना बोट लावलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. तिने चष्मा फेकला, चावला, एकदा माझ्या आमटीत बुडवला. मी 'भूर' जायच्या वेळेलाच तो घालायला लागले. आमचं भूर म्हणजे नुसता अंधारा बोगदा, पण तिला तेवढंही पुरे. हळूहळू चष्मा दिसला की तीच "भूल" म्हणायला लागली.

दिवे अजून मंदच आहेत. बाबा अजून वरच आहेत. काल खाण सुटायच्या वेळी आम्ही बोगद्यात उभ्या होतो. लांबून माणसं येत होती, सगळ्यांचे पोशाख करडे, सगळी दमलेली, कुणी बोलत नव्हतं. मी उजवा डोळा झाकला. डाव्याने मला नुसते करडे डाग दिसले, त्यातला एकही माझ्या आईचा वाटेना.

दुर्वीने माझ्या कडेवरून दोन्ही हात पसरले आणि त्यातल्या एकीकडे झेप घेतली. "आई," ती म्हणाली. आईने अजून तोंडही उघडलं नव्हतं.